कोठीत ठेवलेली डिस्क

आमगाव, ८ फेब्रुवारी २०२४

चेतना बेटा,

आशीर्वाद. पत्र पाहून हसशील, पण फोनवर मले सुधरत नाही. चौतीस वर्षं लोकांच्या घरी फोन जोडले अन् स्वतः बोलायचं म्हटलं की दोन वाक्यात संपते. शिवाय फोन लावला की तुझी काकी बाजूलेच येऊन बसते, अन् हे तिच्यासमोर बोलायचं नाही. तू पण उत्तर कागदावरच लिहिजो.

सपरीतला, म्हणजे पुढच्या पडवीतला माझा कम्प्युटर तुले माहीत आहे. अकरावी-बारावीले तू आमच्याकडे राहत होतीस तेव्हा तुले त्याच्यावर युनिक्स दाखवलं होतं. काळा पडदा अन् पांढरी अक्षरं पाहून तू म्हणाली होतीस, काकाजी, याच्यात माऊस काऊन नाही? आता तूच पुण्यात बसून मोठमोठ्या कंपन्यांच्या डिस्का सांभाळतेस अन् मी तुले विचारून राहिलो.

तर त्या कम्प्युटरची डिस्क आता टकटक करते. सुरू व्हायले दोन-दोनदा बटन दाबावं लागते. नवीन घ्यायची आहे. कोणती घेऊ? चकती फिरणारी की बिनचकतीची एसएसडी? एक की दोन? गोंदियाचा दुकानदार रोशन म्हणते, कोई भी ले लो अंकल, सब एक ही है. चौतीस वर्षांत 'सब एक ही है' म्हणणाऱ्यानं नीट जोडलेली लाइन मी पाहिली नाही.

ठेवायचं काय, तर आवाज. काकी बोलते, मी भरतो. झाडीबोलीतले घरचे रोजचे बोल, एकेका बोलाची एक फाईल. रोज पंधरा-वीस होतात, मग ती थकते. १९ मार्चच्या आत जेवढं होईल तेवढं करायचं आहे. त्यानंतर हे पुन्हा भरता येणार नाही. एक फाईल गेली तर गेलीच, एवढं ध्यानात ठेवून सांग.

मी पण थकतो आता. लवकर लिही.

तुझा,
भोजराज काकाजी

*

पुणे, १७ फेब्रुवारी २०२४

काकाजी,

नमस्कार. पत्र हातात घेतलं आणि खरंच हसू आलं. या खोलीत माझ्या नावानं बिलांशिवाय काही येत नाही.

आधी डिस्कचं. युनिक्सला फार काही लागत नाही, ती बिचारी कशावरही चालते. सिस्टीमसाठी एक लहान एसएसडी घ्या. आवाज मात्र वेगळ्या दोन डिस्कवर ठेवा, एकीवर लिहिलं की दुसरीवर आपोआप लिहिलं जाईल असं. त्या दोन्ही एकाच दिवशी एकाच खोक्यातून घेऊ नका. एकत्र जन्मलेल्या डिस्क एकत्रच जातात, हे मी रोज बघते. चकतीवाल्या घेतल्या तर बरं, बिघडल्या तरी त्यातून काही काढता येतं. एसएसडी गेली की बोलतच नाही.

आणि दोन डिस्क एका डब्यात म्हणजे सुरक्षित, असं समजू नका. डब्यालाच काही झालं तर दोन्ही जातील. तिसरी प्रत डब्याबाहेर, कोरड्या जागी. चौथी दुसऱ्या गावी. ती मला पाठवा.

इतकं सगळं लिहिलं, पण खरं सांगू? फोनवर रेकॉर्ड करा आणि नेटवर टाका. शब्दकोश करताय ना? त्याला १९ मार्चची घाई कसली? निवृत्त माणसानं इतकं घड्याळ लावून काम करू नये. मी दिवसभर लोकांच्या मेलेल्या डिस्कचं रडगाणं ऐकते. परवा एक माणूस फोनवर मला म्हणाला, तुम्हाला काय फरक पडतो. मला खरंच काही फरक पडला नव्हता, याचंच वाईट वाटलं.

काकीला सांगा, आवाज भरताना ओरडू नको, माइक फुटेल.

चेतना

*

आमगाव, २ मार्च २०२४

चेतना बेटा,

तुझं अर्धं आयकलं, अर्धं नाही. दोन घेतल्या, एक गोंदियाहून अन् एक नागपूरहून मागवून. पण दोन्ही एसएसडीच. चकतीवालीचा आवाज माइकमध्ये येते. काकीच्या बोलण्यामागं टिकटिक आयकू आली की मले चैन पडत नाही. साफ आवाज पाहिजे.

नेटवर टाकत नाही. काकी म्हणते, माझा आवाज कोणाच्या मशीनवर जाऊ देणार नाही. फोनवर पण नको म्हणते. तुले तेवढी मुभा आहे.

तिसरी प्रत जुन्या पद्धतीच्या चकतीवर घेतली, पिशवीत बांधली अन् धानाच्या कोठीत खोल खुपसून ठेवली. आपल्या घरात त्याहून कोरडी जागा कोणती? ओला झालेला मोबाइल आपण तांदळात ठेवतो, तर डिस्क धानात काऊन नाही? तुझ्या कंपनीलेही सांगजो.

चौथी सोबत पाठवून राहिलो. २८ फेब्रुवारीपर्यंतच्या ४१२ फायली आहेत. उघडून पाहजो, दोन-चार आयक, अन् नीट आहेत असं कळव. कळवल्याशिवाय माझा जीव लागणार नाही. पुढच्या फायली नंतर पाठवीन. माणसांची नावं अन् मायेचं बोलणं अजून भरायचं आहे. एक गोष्ट तिच्याकडून बोलवून घ्यायची आहे, त्याले ती अजून तयार नाही.

काकाजी

*

पुणे, १५ मार्च २०२४

काकाजी,

डिस्क मिळाली. तपासली, सगळं ठीक आहे.

काकी फोनवर का येत नाही? तीनदा लावला, तिन्ही वेळा तुम्हीच 'झोपली आहे' म्हणालात. दिवाळीला आले नाही म्हणून रागावली का? सुट्टी मिळत नाही हो. मिळाली तरी नुसती झोपते. मे महिन्यात बघते.

चेतना

*

आमगाव, ९ एप्रिल २०२४

चेतना बेटा,

हे पत्र बसून वाच.

तुझी काकी रागावली नव्हती. तिच्या जिभेवर गाठ होती, कॅन्सरची. २० मार्चले नागपूरले भरती केलं, २२ ले ऑपरेशन झालं. जीभ काढावी लागली. जीव वाचला, डॉक्टर म्हणतात आता धोका कमी आहे. पण ती बोलणार नाही.

गुडाखू. तंबाखूची ती लुगदी लग्नाच्या आधीपासून दाताले लावायची. मी म्हणून म्हणून थकलो होतो.

तुले सांगू नको अशी तिनं शपथ घातली होती. पोरगी तिथं एकटी आहे, रडेल अन् काम सोडून येईल म्हणाली. म्हणून मी शब्दकोशाची थाप चालू दिली. शब्दकोश नव्हता बेटा. मी एक लहानसा प्रोग्राम लिहिला आहे. आकडा दाबला की तिचा तिचाच आवाज निघते. ७३६ बोल भरून झाले होते. नळीमुळं नऊ दिवस दवाखान्यात तिनं पाटीवर लिहून काढले. घरी आल्यावर सपरीत बसली, चष्मा लावला, यादी पाहिली अन् १७ दाबला. 'चाय ठेवा.' मी चाय ठेवायले उठलो अन् चुलीपाशी जाऊन रडलो. तिनं परत १७ दाबला.

घशातली नळी साफ करायले एक मशीन लागते. लाइट गेली अन् ते बंद पडलं तर पंचाईत. म्हणून कम्प्युटरचा यूपीएस काढून त्याले लावला. कम्प्युटर सध्या सरळ भिंतीतल्या प्लगवर चालून राहिला.

शेवटच्या फायली तुले पाठवायच्या राहून गेल्या. हात रिकामा झाला की पाठवतो.

काकाजी

*

पुणे, १६ एप्रिल २०२४

काकाजी,

चार वेळा लिहायला बसले. मला तुमचा राग आला आहे आणि काकीचा त्याहून जास्त. दोन वर्षं तिच्या हातचं जेवले, आणि तिची जीभ काढली हे मला तीन आठवड्यांनी पत्रातून कळतं. मी 'ओरडू नको, माइक फुटेल' असं लिहिलं होतं. ते तिला वाचून दाखवलंत का? दाखवलं नसेल तर दाखवू नका.

दुसरा यूपीएस लगेच घ्या. आणि उरलेल्या फायली पाठवा, हात रिकामा व्हायची वाट बघू नका.

मे महिन्यात नक्की येते.

चेतना

*

आमगाव, ११ जून २०२४

चेतना बेटा,

मे गेला. तू आली नाहीस, काम असंल. मी पण फायली पाठवल्या नाही अन् यूपीएस आणला नाही. दर तिसऱ्या दिवशी गोंदियाले ड्रेसिंग, मधात घर, रांधणं, तिले नळीतून पाजणं. उद्या-उद्या करत राहिलो. सारी जिंदगी दुसऱ्यांले म्हटलं, लाइन आज दुरुस्त करा, उद्या तुटंल.

पाच जूनले आमच्या डीपीवरची न्यूट्रलची तार तुटली. घरात दुप्पट लाइट घुसली. आळीतले सात टीव्ही गेले, पंखे गेले, कोणाचा फ्रिज गेला. तिचं मशीन यूपीएसवर होतं म्हणून वाचलं. कम्प्युटरमधून धूर निघाला. दोन्ही एसएसडी गेल्या. रोशननं तीन ठिकाणी लावून पाहिल्या, कुठंच ओळख देत नाही. तू म्हणाली होतीस, एसएसडी गेली की बोलत नाही. मी आवाज साफ पाहिजे म्हणून हट्ट केला होता.

मग कोठीतली काढली. पिशवी उघडली तर लसणासारखा वास आला. तांब्याचा जेवढा भाग उघडा होता तो सारा काळा. धानाले कीड लागू नये म्हणून गोळी ठेवतात ना, तिचा धूर तांबं खाते, हे मले आज सासष्टाव्या वर्षी समजलं. रोशननं खोडरबरानं घासून लावली तर आतून खर्र-खर्र आवाज आला. मी वायर ओढेपर्यंत व्हायचं ते झालं.

गोळ्या दरवर्षी मार्चमध्ये काकी ठेवते. यंदा दवाखान्यात जायच्या आधी घर आवरून गेली, तेव्हा ठेवल्या. मी तिले सांगतलं आहे की डिस्क उंदरानं कुरतडली. तू पण तेच सांगजो. ती जीव देईल पण स्वतःले माफ करणार नाही.

आता ती यादी मांडीवर घेऊन बसते अन् बंद कम्प्युटरकडे पाहते. पाटी दिली तर ठेवून देते.

तुझ्यापाशी ४१२ आहेत. तू तपासलेल्या आहेत, म्हणून मी अजून उभा आहो. पाठव बेटा.

काकाजी

*

पुणे, १८ जून २०२४

काकाजी,

पाकीट आज पाठवलं आहे. पण त्याआधी हे वाचा.

मी डिस्क तपासली नव्हती. मार्चमध्ये पाकीटसुद्धा फोडलं नव्हतं. तुम्ही कळव म्हणालात म्हणून कळवलं. दिवसभर तेच काम करून घरी आणखी एक डिस्क लावायचा कंटाळा आला होता, बाकी काही कारण नाही. एप्रिलमध्ये तुमचं पत्र आल्यावर तर हातच धजेना. तिचा आवाज ऐकावा लागेल म्हणून. मे महिन्यातही काम नव्हतं. तिच्यासमोर बसून एकटीनंच काय बोलायचं, या भीतीनं आले नाही.

मधे खोली बदलली. तेव्हा जुन्या वायरी, चार्जर वगैरे भंगारवाल्याला दिले होते. तुमचं पत्र वाचलं आणि वाटलं, पाकीट त्यातच गेलं. सगळी खोकी जमिनीवर ओतली. ते हिवाळ्याच्या रजईच्या घडीत सापडलं. का ठेवलं होतं तिथे, आठवत नाही. तिथेच बसून राहिले.

लॅपटॉपनं आधी ओळखच दिली नाही, तुमच्या युनिक्सची मांडणी वेगळी. ऑफिसमधल्या एका मशीनवर, काही लिहिलं जाणार नाही अशा बेतानं उघडली. ४१२ च्या ४१२ आहेत. रजा टाकून सगळ्या ऐकल्या, एकही तुटलेली नाही. दोन प्रती काढून माझ्याजवळ ठेवल्या, मूळ पाठवली आहे. कुठलाही जुना कम्प्युटर मिळेल त्यावर लावा, मी लागेल ते फोनवर सांगते. कोठीतली डिस्क पाठवलीत तर दाखवीन, पण खरडलेल्या चकतीवरचा थरच जातो. आशा धरू नका.

२१२ नंबरला थांबले. गोंदियाहून कॉलेज करून यायचे, गाडी लेट झाली की काकी दारातच असायची. 'एवढा उशीर काऊन केला? हातपाय धू, जेव आधी.' तशीच आहे, तितकीच रागानं. ती मी पुन्हा पुन्हा ऐकली.

नावं त्यात नाहीत, पुढचं काहीच नाही. वेळेवर उघडली असती तर बाकीच्या फायलींसाठी तुमच्या मागे लागले असते. मला माफ करा असं लिहायलाही लाज वाटते.

चेतना

*

आमगाव, ३० जून २०२४

चेतने,

हे मी लिहून राहिली, तुही काकी. सातवीपर्यंत शिकली आहो, चुकलं तर सांभाळून घे.

तुही डिस्क आली. शेजारच्या कवडू मास्तरचा जुना कम्प्युटर आनला, डिस्क त्याले लावली, अन् तुह्या काकाजीनं प्रोग्राम पुन्हा लिहिला. मी १७ दाबला. चाय आली.

तुहं पत्र तुह्या काकाजीनं मले मोठ्यानं वाचून दाखवलं. वाचता वाचता एका जागी अडखळले अन् मधला भाग गाळून पुढं गेले. मी मागून उशीखालून काढून वाचलं. तर तू पाकीट फोडलं नव्हतं. बरं. माह्या तोंडात गोळा आला तेव्हा पाच महिने मी कोनाले सांगतलं नव्हतं. आरशात पाहायची, वरून गुडाखू लावायची अन् झाकून ठेवायची. तेव्हा कोन कोनाले बोलनार.

गोळ्या मीच ठेवल्या हे मले माहीत आहे. ते म्हनतात उंदरानं कुरतडली. गोळीचा वास मले समजत नाही का? चाळीस वर्षं मीच ठेवतो. पाटीवर लिहिलं, उंदीर आहे तर पिंजरा आना. ते गुमान बाजारात गेले अन् पिंजरा घेऊन आले. आता रोज सांजच्याले त्याच्यात पोळीचा तुकडा लावतात अन् सकाळी जाऊन पाहतात. मी काई म्हनत नाही. लावू दे.

चारशे बारात काय आहे, तू आयकलंच. चाय ठेवा. मोटर बंद करा. चप्पल बाहेर काढा. कामाचं आधी भरू, बाकीचं मागून, असं मीच म्हटलं होतं. बाकीचं गेलं. तुहं नाव मी तीनदा भरलं होतं, एक हाक मारायचं, एक उठवायचं, अन् एक उगाच. ते गेलं.

अजून एक होतं, ते तुह्या काकाजीनं तुले लिहिलं नसंल. लग्नाले एकेचाळीस वर्षं झाले, तेयचं नाव मी कधी घेतलं नाही. आयकलं का जी, एवढंच. हळदीकुंकवाले बायका अडवायच्या तरी घरधनी म्हनून सुटून जायची. ते महिनाभर मांगे लागले होते, एकदा मशीनमधी घे. मले लाज वाटे. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी तेयले म्हटलं, बटन दाबून द्या अन् तुमी सपरीच्या बाहेर जा. मग घेतलं. मागून तेयनं कितीदा आयकलं मले माहीत नाही. ते बी गेलं. तवापासून ते त्या जळलेल्या डिस्का फेकू देत नाही, कपाटात लुगड्याखाली ठेवल्या आहे. मले वाईट वाटते बाई. माह्यासाठी नाही, मी तर बोलून मोकळी झाली. तेयच्यासाठी वाटते.

आता बटन दाबलं की मी रागावतो, नाहीतर काम सांगतो. दुसरं काई निंगत नाही. तुह्या काकाजीले तेच बरं वाटते असं दिसते, कारन काल तेयनं सहा वेळा चाय ठेवली.

नवीन डिस्क कोनती घ्यावी म्हनून ते तुले पुन्हा पत्र लिहायले बसले होते. मी कागद काढून घेतला. तू येऊन सांग, अन् आपल्या हातानं लावून दे. मासोळीचा रस्सा तेयले रांधता येत नाही, तू आली की मी बाजूले बसून दाखवीन.

एकटीनं काय बोलू म्हनून भिऊ नको. मी दारात बसून राहीन अन् बटनाची लांब वायर आहे, दारापर्यंत पुरते. तू आली की २१२ दाबीन. उशीर तर तू केलाच आहे.

तुही काकी,
प्रेमिला